हानुस आजोबांच्या स्वेटरातला धूर

मित्रांनो, जवळ या, पण नाक जरा सांभाळून! मी हानुस आजोबांचा जुना लोकरी स्वेटर. आमच्या फेरो बेटांवरच्या एका करड्या मेंढीची मी लोकर. आजीने मला चुलीपाशी बसून विणले. आमच्याकडे लोकर सहसा धूत नाहीत, वाऱ्यावर टांगतात.

आजोबा चर्चमध्ये भजन उचलत, की सारे गाव त्यांच्यामागे गाई. त्यांच्या छातीबरोबर मीही वरखाली होई. काय धन्य वाटे! घरी आले की मात्र तोंडात पाईप. तो धूर माझ्या टाक्याटाक्यांत मुरला.

पुढे मी त्यांच्या नातवाला, टेइतुरला मिळालो. माझ्यातल्या धुराने त्याला काही झाले नाही. मग त्याच्या धाकट्या बहिणीकडे, रन्नवाकडे आलो. ती आजोबांपाशी बसून भजन शिके. कडवे अर्ध्यावर आले, की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजे.

"नाटकी!" टेइतुर म्हणे. "मला कधी साधी शिंक नाही आली!"

"आबा, खरंच दम पुरत नाही हो."

"माझी नात ना तू? आपलं रक्त धुराला भीत नाही!" असे म्हणत आबा पाईप पेटवत.

एके दिवशी गाता गाता तिचे ओठ निळे पडले. तिला माझ्यासकट दवाखान्यात नेले. उपचार झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धूर कुणालाच बरा नाही, आबा. पण त्यातलं काही विष निकामी करून बाहेर टाकणारं एक द्रव्य शरीरच बनवतं. टेइतुरला ती देणगी आईबापांकडून मिळाली. रन्नवाला नाही मिळाली. तिच्या दम्याला धूर जास्त झोंबतो."

"पण रक्त एकच ना?"

"एकच. वाटणी निराळी."

"म्हणजे मी रोज तिला..."

घरी येताच आबांनी पाईप चुलीत टाकला आणि मला कढत पाण्यात बुडवले. पाणी पिवळे झाले. बदलले, पुन्हा पिवळे.

"आबा, आकसेल तो!" रन्नवा दारातून ओरडली.

"आकसू दे!"

आता मी कुणाच्याच अंगाला बसत नाही. बाहेर पडवीत खिळ्याला टांगलेला असतो. वास अजून गेलेला नाही. मित्रांनो, आपल्याला सोसते म्हणून शेजारच्यालाही सोसेल, असे कधी धरून चालू नका. कुणी 'दम लागतो' म्हणाले, तर आधी खिडकी उघडा.

आत भजन सुरू झाले आहे. आबांच्या सुरामागे तो बारीक आवाज रन्नवाचाच. अर्धे कडवे झाले. जरा गप्प राहा, ऐकू या... ती कुठवर पोचते.