माझा काटा कोणी फिरवला?

साहेब, माझ्या उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी माझा काटा तुम्ही पिरगाळला. तुम्हाला वाटले, कोणी पाहिले नाही. मी पाहिले.

मित्रांनो, मी बागेतले एक जुने सूर्यघड्याळ आहे. कबुतरे अंगावर बसतात, रेघा झिजल्या आहेत, पण सांगायचे ते ठणकावून सांगेन. आकाश मंडळाच्या मुलांनी कित्येक रविवार घाम गाळून मला घडवले. मंडळ चालवायचे एक निवृत्त भूमापक; मुले त्यांना दुर्बीणआजोबा म्हणत. माझा तिरपा लोखंडी काटा वेल्डरकाकांनी बनवला. तासांच्या रेघा त्यांच्या मुलीने आखल्या. पोरगी भारी तापट, म्हणून तिचे नाव पडले ठिणगी.

बागखात्याच्या साहेबांच्या मनगटी घड्याळाच्या मी मागे होते. एवढा फरक राहणारच, असे आजोबांनी बजावले होते. साहेबांनी मान डोलावली आणि मागाहून गुपचूप पाना लावून मला आपल्या घड्याळाशी जुळवले. झाले! दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लोकांदेखत, माझी सावली भलतीकडेच. आजोबा बिचारे आठ दिवस आपलीच आकडेमोड तपासत बसले. माझ्या गळ्यात पाटी आली, 'नादुरुस्त. वापरू नये.'

"वापरू नये म्हणजे काय, उन्हात उभं राहू नये?" ठिणगी फणकारली.

मग हुकूम आला की सोमवारी मला कापून टाका. आणि कापायचे कोणी, तर वेल्डरकाकांनीच.

सोमवारी सकाळी काका गॅस कटर घेऊन वाकले आणि तसेच थबकले. बोल्टवर ओरखडे होते.

"हा माझा पाना नाही. काटा कोणीतरी फिरवलाय."

ठिणगीने बापाच्या हातून कटर काढून घेतला. म्हणाली, आजचा दिवस द्या. तिने ओळंब्यात एक काठी रोवली आणि सुतळीने तिच्याभोवती वर्तुळ आखले. सावलीचे टोक वर्तुळाला सकाळी कुठे टेकले, दुपारनंतर कुठे टेकले, तिथे खडूने खुणा केल्या. दोन्ही खुणांच्या मधोमध खरी उत्तर दिशा सापडली. काकांनी काटा त्या रेघेवर आणून बोल्ट आवळले.

चार वाजता साहेब माझे तुकडे बघायला आले. ठिणगीने त्यांचे मनगटच माझ्याशेजारी धरायला लावले. चारला फरक एकोणीस मिनिटे. साडेचारला एकोणीस. पाचला एकोणीस.

"म्हणजे एकोणीस मिनिटं चूकच ना?" साहेब गुरकावले.

"चूक असती तर फरक बदलत गेला असता. तुमचं घड्याळ सगळ्या देशाची एकच वेळ सांगतं. हे आपल्या डोक्यावरचा सूर्य सांगतं," ठिणगी म्हणाली.

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मुलांनी पाटी काढून फेकली आणि एवढ्या टाळ्या पडल्या की कबुतरे उडाली. आज ठिणगी मंडळ चालवते आणि नव्या मुलांना वर्तुळ आखायला माझ्याच पायाशी बसवते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा. आमची वेळ तुमच्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून पाना उचलण्याआधी कारण विचारा.

आणि साहेब, तुम्ही अजून याच बागेत फिरायला येता, मान वळवून जाता. ओरखडे अजून बोल्टवर आहेत. आजोबांचे आठ दिवस कोणी खाल्ले? मुलांसमोर उभे राहा आणि सांगा, नादुरुस्त कोण होते?