बॅटरीचा पायगुण

राग मला आयुष्यात खूपदा आलाय, पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आला तसा परत नाही आला. माझ्या टाळूवर पापड भाजता आला असता. कुणी भाजलाही असेल, मला त्या रागात कळलं नसेल.

त्या वर्षी प्लेगला घाबरून एक साहेब विलायतेला पळाला आणि जाताना त्याची फटफटी आमच्या ह्यांच्या गळ्यात मारून गेला. तीन चाकं, पुढे बाईमाणसाला बसायला वेताची खुर्ची, आणि आवाज असा की आमच्या कोपरीत सुरू केली तर खाडीपलीकडे कळव्यातल्या म्हशींचं दूध आटायचं. म्हणजे सुरू झाली तर. सीटखाली एक लाकडी पेटी होती. आत तेजाब आणि शिशाच्या पट्ट्या, वर झाकणावर दोन पितळी बोल्ट. ही बॅटरी. हिच्यातून ठिणगी पडली तर इंजिन पेटणार, नाहीतर गाडी म्हणजे नुसती लोखंडी बाज. आताच्या गाड्यांसारखी चालता चालता भरायची सोय तिला नव्हती. रिकामी झाली की स्टेशनातल्या तार ऑफिसात न्यायची. तिथे तारमास्तर आनंदराव, ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, आपल्या काचेच्या बरण्यांतून तिच्यात करंट भरून द्यायचे.

तर झालं काय, की पेटी संध्याकाळी भरून घरी आणायची आणि सकाळी बघावं तर मेलेली. रोज. हे हँडल फिरवून फिरवून घामाने भिजायचे, शर्ट पिळला तर बादली भरेल इतके. गाडी खोकायचीसुद्धा नाही.

एके सकाळी हँडल टाकून दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्नाआधी ही घोड्यासारखी पळत होती. तू उंबरा ओलांडलास आणि हिनं मान टाकली. तुझा पायगुण, दुसरं काय."

मी भाकऱ्या थापत होते. हातातली भाकरी परातीत अशी आपटली की ती परत सरळ झालीच नाही.

"आणि ऐक," हे म्हणाले, "मी सासऱ्यांना शब्द दिलाय. दिवाळसणाला येईन तर फटफटीवरून. आगगाडीने येतो तो जावई नव्हे, पार्सल. गाडी चालली नाही तर कल्याण नाही."

म्हणजे माझं माहेर त्या पेटीत अडकलं. लग्न झाल्यापासून आईचं तोंड पाहिलं नव्हतं मी, आणि मध्ये आठच दिवस उरलेले.

सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "मी पनवेलला थोरल्याकडे सुखात होते. हिला वळण लावायला म्हणून आले, तर इथे हे."

रागाचा एक फायदा असतो, माणूस तोंड उघडतो. मी दाराआडून म्हटलं, "पायगुण माझा ना? मग आज पेटी घरी आणूच नका. तार ऑफिसातच राहू दे रात्रभर. होऊन जाऊ दे निकाल."

ह्यांनी तसं केलं. सकाळी तिथे जाऊन बघतात तर पेटी टुमटुमीत. दोन तारा जवळ आणल्या तर ठिणगी अशी उडाली म्हणे, की स्टेशनमास्तरांच्या मिशीचं एक टोक जळलं. उड्या मारत घरी आले.

"बघितलंस? तुझ्यापासून लांब ठेवली तर ठणठणीत. मीच म्हणत होतो."

माझाच डाव माझ्यावर उलटला. माझ्या कानांतून वाफ निघत असणार, कारण मांजर उठून बाहेर गेलं.

"मग आता असं करा," मी दात आवळून म्हटलं, "आज घरी आणा आणि पडवीत ठेवा. मी पडवीत पाऊल ठेवणार नाही. परसातून ये-जा करीन. उद्या मेली तर माझं नाव घ्यायचं नाही."

पेटी आली. मी परसातून फिरले, विहिरीला वळसा घालून, काट्यातून. सकाळी पेटी मेलेली.

म्हणून ह्यांनी चूक कबूल केली असं नाही हं. सरळ स्टेशनात गेले आणि आनंदरावांवर तोंड सोडलं, की तू अर्धवट भरतोस. आनंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. करंट मोजायचं काट्याचं यंत्र काखोटीला मारून ते तरातरा आमच्या पडवीत आले.

"त्र्यंबक, माझ्या ऑफिसात भरलेली राहते आणि तुझ्या पडवीत मरते. मग चोर कुठे राहतो? बस खाली आणि बघ."

आधी त्यांनी गाडीच्या तारा तपासल्या. ठीक होत्या. मग त्या सोडवून बाजूला केल्या, म्हणजे पेटी गाडीला जोडलेलीच नाही. यंत्राची एक तार पितळी बोल्टाला लावली आणि दुसरी नुसती झाकणाच्या लाकडावर टेकवली. काटा हलला.

"लाकडात करंट?" हे म्हणाले.

आनंदरावांनी झाकणावर बोट फिरवलं. ओलं होतं. बोट नाकाशी नेलं आणि त्यांचं तोंड असं झालं, की मी दाराआड पदर तोंडात कोंबला.

"त्र्यंबक, ह्याच्यावर गोमूत्र कोण टाकतं?"

अहो, कोण टाकतं काय. बाहेरून जे येईल त्यावर सासूबाई शिंपडायच्याच. कोळशाची गोणी, छत्री, बाजारातून आलेले हे, सगळ्यांवर. इतकं रोजचं होतं की ते कुणाच्या नजरेतच येत नव्हतं. तार ऑफिसात सतरा जणांचे हात लागलेली पेटी तर त्या पळीने न्हाऊ घालायच्या. जितक्या वेळा भरायला न्यावी तितकी जास्त आंघोळ. लाकूड पिऊन पिऊन टच्च झालेलं, आणि त्या ओलीवरून रात्रभर करंट एका बोल्टाकडून दुसऱ्याकडे आरामात चालत जायचा.

"मग काय तशीच घेऊ घरात?" सासूबाई कडाडल्या. "ती पेटी शुद्ध झाल्याशिवाय आत येणार असेल तर मी चालले पनवेलला."

हे आईसमोर मान खाली घालून उभे. मग माझ्यावर खेकसले, "तुला दिसत नव्हतं का गं रोज?"

मी म्हटलं, "तुम्ही काय काशीला होतात?"

शेवटी पेटी पुसून उन्हात वाळवली, झाकणाला मेणाचा हात दिला, पुन्हा भरली, आणि तिचा मुक्काम फाटकाबाहेर फणसाखाली पडला. पायगुणाचा शब्द काही ह्यांनी मागे घेतला नाही. मी वाट बघत होते. फराळाचं करताना बघत होते, चकल्या चिरडेपर्यंत बघत होते.

पाडव्याला निघालो. पेटीवर शिंपडायला मिळालं नाही म्हणून सासूबाईंनी सगळी भरपाई माझ्या नव्या लुगड्यावर केली. त्या वासात मी मुंब्रा ओलांडलं. फटफटी मात्र अशी सुटली की ठाकुर्लीपाशी आम्ही मेल गाडी मागे टाकली. ड्रायव्हरने पागोटं काढून सलाम केला. खोटं वाटत असेल तर त्याला जाऊन विचारा.

कल्याणला दारात सगळं माहेर उभं. बाबांनी ह्यांची पाठ थोपटली. "जावईबापू, गाडी नादुरुस्त होती असं ऐकलं."

"होती," हे मिशीवर ताव देत म्हणाले. "मीच दोष शोधून काढला. बाकी हिचा पायगुण जरा जड आहे, पण मी निभावून नेतो. आज राहतो, उद्या पहाटे हिला घेऊन परत."

बाबा हसले. सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या टाळूवर आता पुरणपोळी भाजली असती.

तेवढ्यात आई गोमूत्राची वाटी घेऊन बाहेर आली. आमच्यावर शिंपडलं, मग सीटखालच्या पेटीकडे बघून थबकली. "सुमे, ही पण बाहेरूनच आली ना? हिच्यावर टाकू का गं?"

हे आत पाय धूत होते.

"टाक की," मी म्हटलं. "झाकण काढ वरचं, आणि हात आखडू नको. माझ्या सासूबाई तर पळीने घालतात."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून हे अंगणात हँडल फिरवत होते. कल्याणात तेव्हा त्यांना पेटी भरून देणारं कुणी ओळखीचं नव्हतं, आणि आगगाडीने जायचं म्हणजे पार्सल. मी माडीवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून चिरोटा खात होते.

"सुमती, खाली ये," हे ओरडले. "परत मेली ही."

"नको हो," मी वरूनच म्हटलं. "माझा पाय लागेल."