जिभेकडची बाजू

मी एक जुना, तात्पुरता दात आहे. एकोणीसशे सत्त्याऐंशी साली पूड आणि द्रव कालवून मला घडवले. मला नस नाही, रक्त नाही. पक्का दात तयार होईपर्यंत थोडे दिवस जागा धरायची, एवढेच माझे काम.

मला घडवणारे दातांचे डॉक्टर होते आणि खुर्चीत त्यांची बायको होती. तिचा पुढचा दात घासून बारीक केला होता, त्यावर मला टोपीसारखे बसवायचे होते. डॉक्टरांनी माझी दर्शनी बाजू फिरत्या कापडी चाकावर धरून काचेसारखी गुळगुळीत केली. तेवढ्यात बाहेर दाढेच्या ठणक्याने कळवळणारा एक पेशंट आला.

"जिभेकडची बाजू राहिलीय. कोण बघतंय? उद्या करतो," असे म्हणत त्यांनी मला चिकटवून टाकले.

बधिर ओठांनी बाई बोबडे बोलल्या, "लोकांचे दात आज, बायकोचे उद्या."

दोघेही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता डॉक्टर कोसळले, ते उठलेच नाहीत.

मित्रांनो, बाईंच्या ओठांची भूल उतरली, बाकीची उतरली नाही. त्या रडल्या नाहीत. सवयीने दोन कप चहा करत आणि दोन्ही स्वतःच पीत. जिभेने माझी खरखरीत बाजू चाचपत बसत. गुळगुळीत बाजूवरून चहा निथळून जाई. खरखरीत बाजूच्या ओरखड्यांत मात्र तो मुरत गेला. मी पुढून पांढरा आणि मागून तपकिरी झालो.

दवाखाना आता त्यांची सून चालवत होती, तीही दातांचीच डॉक्टर. आई, हा कच्चा आहे, कडेने पाझरतोय, खालचा खरा दात किडेल, असे ती परोपरीने सांगे. बाई तोंड मिटून घेत. निदान पॉलिश तरी करते, डाग जातील, असे ती म्हणाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांच्या हातचे ओरखडे आहेत ते."

सुनेने त्यांना खुर्चीत बसवले. एक छोटा आरसा तोंडात धरला, दुसरा हातात दिला. बाईंना माझी मागची बाजू पहिल्यांदाच दिसली.

"त्यांनी केलं तेवढं पांढरं राहिलंय गं. मागचं सगळं माझ्या चहाचं." मग म्हणाल्या, "काढ. पण पॉलिश करू नकोस."

खालचा दात थोडक्यात वाचला. पक्क्या दाताने बाई पुढे कितीतरी वर्षे चहा प्यायल्या, एकच कप. आता त्या नाहीत. ठणक्याचा तो पेशंट अजून येतो; त्याला यातले काही ठाऊक नाही. मी सुनेच्या खणात, डबीत असतो. मला कशाचे काही वाटत नाही.

तरी एक सांगतो, मित्रांनो. थोड्या दिवसांचे काम म्हणून मागची बाजू तशीच सोडू नका. सून तात्पुरता दातसुद्धा चिकटवण्याआधी जिभेकडून नखाने चाचपते. खरखर लागली की चाक पुन्हा सुरू करते. बाहेर कुणी घाई केली तर सांगते, "बसा हं जरा. हे आजच व्हायला हवं."