न पोचलेलं बुकिंग

सई ज्या कंपनीत होती तिचं ॲप नाशिकच्या आसपासचे भाजी आणि फुलं पिकवणारे लोक वापरत. तोडणी ठरली की आदल्या दिवशी ॲपवर क्रेटसाठी जागा बुक करायची, मग पहाटे टेम्पो गावात येऊन माल बाजारात नेत असे. ऑफिस कॉलेज रोडला होतं. माणसं मोजकीच, त्यामुळे ॲपचं काही बिघडलं की सईलाच बघावं लागे.

मातोरीहून एक तक्रार आली. बुकिंगचं बटण दाबलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ असं येतं. सईने सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या. एखादी विनंती अर्धवट पोचली असती तरी तिचा माग राहिला असता, पण तिथे काहीच नव्हतं. खातं भारतच्या नावावर होतं, म्हणून तिने त्याला फोन केला. तो ओझरच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत ॲप उघडून पाहिलं आणि सगळं नीट चालतंय असं कळवलं. रेंज गेली असेल, असं लिहून सईने तक्रार बंद केली.

दुसऱ्या दिवशी भारतची बायको शुभांगी हिचा ऑफिसात फोन आला.

“तक्रार मी केली होती, मॅडम. तुम्ही विचारलं त्यांना,” ती म्हणाली. “त्यांच्या मोबाईलवर चालतंय. माझ्या मोबाईलवर नाय चालत.”

सईने बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली. तिने फोनची तारीख बरोबर आहे का, बाकीची ॲप चालतात का, असं एकेक विचारलं. सगळं ठीक होतं. तेव्हा मी येऊनच बघते, असं सांगून ती लॅपटॉप घेऊन स्कूटरवर निघाली.

शुभांगीच्या घरामागे शेवंती होती. अर्धा तुकडा तोडलेला, अर्ध्यातली फुलं झाडावरच काळपट पडायला लागलेली. सासूबाई, मालनबाई, वाफ्याच्या कडेला बसून त्यातली जरा बरी फुलं निवडत होत्या. शेती या दोघीच बघत. कधी तोडायचं, किती पाठवायचं हे शुभांगी ठरवी आणि दुपारीच जागा बुक करून टाकी. तिच्या मोबाईलवर ॲप बंद पडल्यापासून भारत कारखान्यातून घरी येईपर्यंत थांबावं लागे. तोवर टेम्पोतल्या सगळ्या जागा बुक झालेल्या असत. कामावर असताना तो फोन हातात घेऊ शकत नव्हता, त्यामुळे त्याचाही इलाज नव्हता.

“मला वाटलं माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं,” शुभांगी म्हणाली. “म्हणून पहिले काही दिवस कुणाला सांगितलं नाय.”

भारतने नवा मोबाईल घेतल्यावर जुना तिच्याकडे आला होता. सईने तो केबलने लॅपटॉपला जोडला आणि शुभांगीला बटण दाबायला सांगितलं. चक्र फिरलं, आणि लॅपटॉपवर खरं कारण उमटलं. दहा-बारा दिवसांपूर्वी कंपनीने सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं होतं. आपण योग्य सर्व्हरशीच बोलतोय याची खात्री फोन या प्रमाणपत्रावरून करून घेतो. ते देणारी संस्था नव्या फोनना माहीत होती. या जुन्या फोनला ती माहीतच नव्हती. म्हणून तो अनोळखी सर्व्हर समजून बोलणं सुरू होण्याआधीच तोडत होता, आणि बुकिंग सर्व्हरपर्यंत जातच नव्हतं.

सईने हे साध्या शब्दांत सांगितलं. शुभांगीने नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे मोबाईल बिघडलेला नाय?”

“नाही ताई. आम्ही बदल केला तो त्याला चालला नाही. चूक आमची आहे.”

मालनबाईंनी चहा दिला. मग एवढ्या लांब यायचं तर कालच यायचं होतं, असंही सुनावलं.

ऑफिसात परतल्यावर तिने कंपनी चालवणाऱ्या तनयला सगळं सांगितलं. तनयचं म्हणणं असं की इतके जुने फोन फार थोडे असतील, आणि नाहीतरी पुढच्या वर्षी तशा फोनवर ॲप चालवणं आपण बंदच करणार आहोत. लोकांना फोन बदलायला सांगावं. सईने वाद घातला नाही. प्रमाणपत्र बदलण्याच्या आधीच्या आठवड्यातली बुकिंगं काढून ती कोणत्या फोनवरून आली होती ते तिने त्याच्यासमोर मांडलं. फोन थोडे होते हे खरं, पण दुपारी होणारी जवळजवळ निम्मी बुकिंगं त्यांच्यावरूनच येत होती. बदलानंतर ते फोन एकदम गायब झाले होते.

तनयने यादी वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली. “यातल्या कुणीच तक्रार कशी केली नाही?”

“एकीने केली,” सई म्हणाली. “ती मी बंद केली.”

जुन्या फोननाही माहीत असलेल्या दुसऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यायला तनयने होकार दिला. ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्व्हरवर बसलं. सईचा फोन गेल्यावर शुभांगीने लगेच बटण दाबून पाहिलं आणि पहाटेच्या टेम्पोत जागा मिळाल्याचं सईला कळवलं. अर्धी शेवंती मात्र वाया गेली होती. त्यावर करण्यासारखं काही नव्हतं.

सईला वाटलं होतं की आता बाकीचे फोनही आपोआप परत दिसू लागतील. पुढचे दोन दिवस तुरळकच दिसले. लोकांनी नाद सोडला होता, कुणी ॲपच काढून टाकलं होतं. मग ती एकेकाला फोन करायला बसली. खात्यावर नाव कुणाचंही असो, बुकिंग कोण करतं ते आधी विचारायचं आणि त्याच माणसाशी बोलायचं, असं तिने ठरवलं होतं.

गिरणाऱ्याच्या लताबाईंनी तर मोबाईल गेलाच समजून तो कपाटात ठेवून दिला होता. सुनेच्या फोनवरून त्या बोलत होत्या.

“आता चालंल म्हणता?”

“चालेल. चार्जिंगला लावा, मी थांबते.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. चार्जर कुठाय म्हणून लताबाईंनी कुणाला तरी हाक मारली. सई फोन कानाला धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या स्क्रीनवर गिरणाऱ्याचं बुकिंग उमटलं. मेथी, सहा क्रेट.

“आलं का?” लताबाईंनी विचारलं.

“आलं,” सई म्हणाली.