सहा इंजेक्शनं

अंजनाला गप्प बसणं कधी जमलंच नाही, मागचा पावसाळा तेवढा सोडून. तेव्हा ती तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेवटी नवरा नाथाजी तिला कराडहून सांगलीच्या डॉक्टरकडे घेऊन आला, झोपेची सहा इंजेक्शनं झाली आणि बाईच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. आता दोघं महिन्यातून एकदा गोळ्या न्यायला येत.

आज दवाखान्याच्या बाकावर कोयनानगरची हरणाबाई पदरात तोंड घालून रडत होती. शेजारी तिची बाळंतीण लेक, नीलिमा. बारा दिवसांत ती पोराला जवळ घेईना की तोंडातून शब्द काढीना. परवा तर तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं.

"उद्या सकाळी हिच्या डोक्याला शॉक द्यायचा म्हंत्यात डाक्टर," हरणाबाई म्हणाली. "दुसरा इलाज न्हाई म्हणं."

"शॉक?" अंजना उसळली. "पोरगी हाय का पाण्याची मोटार? माझ्याकडं बघा. मी हिच्यापरीस वाईट व्हते. नुसत्या सा इंजेक्शनांत उठून बसले. चला, उठा, घर गाठा."

हरणाबाईला हेच ऐकायचं होतं. तिने पिशवी उचलली, लेकीचा दंड धरला.

अठरा वर्षं फौजेत काढलेला नाथाजी ताडकन उठला. तो दारात आडवा उभा राहिला. "जाऊ नगा, मावशी. हिलाबी शॉकच दिलाय. सा येळा."

अंजना हसली. मग तिने त्याचं तोंड पाहिलं आणि ती हसायची थांबली.

"इंजेक्शन झोपेचंच व्हतं," तो म्हणाला. "तू झोपलीस की मग शॉक. शॉकचं नाव काढलं तर कृष्णेत उडी टाकीन, तीन महिन्यांत तेवढंच बोलली व्हतीस. काय करणार मी? सही केली कागदावर."

त्या झोपेतून जाग आल्यावर जबडा ठणकायचा, तो का, हे अंजनाला आज कळलं. त्याच दिवसांतल्या, भावाच्या नातवाच्या बारशाच्या फोटोत ती पाळण्याला हात लावून उभी होती आणि तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. दुखणंच तसं, असं सगळे सांगत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! एकटी तीच गाढवासारखी दर वेळी डॉक्टरांना म्हणायची, झोप छान लागली. नाथाजीची गचांडी धरावी असं तिला वाटलं.

पण हरणाबाई अजून उंबऱ्यातच होती. नीलिमाचं पोलकं दुधाने भिजलं होतं आणि तिला त्याचंही भान नव्हतं. या पोरीला आपण आत्ता परत विहिरीकडे धाडत होतो, हे अंजनाच्या लक्षात आलं.

ती नीलिमासमोर उकिडवी बसली. "आईकडं बघू नगंस, माझ्याकडं बघ. डोक्याला करंट देत्यात. मलाबी दिला. मधलं लय काय काय पुसून गेलंय माझं. पर मी बरी झाले, हे खरं हाय. तू घेतीस का?"

मग नीलिमाचे ओठ हलले.

"तुमास्नी इचारलं व्हतं?"

हरणाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. अंजनाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"न्हाई, बाई," ती म्हणाली. "म्हणून तुला इचारतीया."

नीलिमाने तिचा हात धरला. "उद्या येशिला?"

"येते की." अंजना न वळताच नाथाजीला म्हणाली, "तुमी जावा कराडला. मी हितंच ऱ्हाते. घरी आल्यावर बघते तुमच्याकडं."