चौरंगावरचं तेज

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांचे गज धरूनही माणसं उभी होती. समोर चौरंगावर वीजमहाराज, हातात वायरचं उघडं टोक. ती वायर भिंतीतल्या चालू प्लगमधून आली होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

“तार मारते ती देहात अडकलेल्याला!” महाराज गरजले. “मी देहात नाहीच. मारणार कुणाला?”

देहात नसलेल्या माणसाच्या मानानं त्यांचं पोट बरंच पुढं आलं होतं.

एका वायरमननं पुढं होऊन त्यांच्या कपाळाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला लाल दिवा लागला आणि सगळ्यांनी हात जोडले. सर्वांत आधी जोडले ते वायरमन लोकांनी. टेस्टर खोटं बोलत नाही, यावर तर त्यांचा धंदा चालतो.

“मला शिवू नका, हे तेज तुम्हाला सोसायचं नाही,” महाराज म्हणाले. “हे तांब्याचं कडं घाला. वीज तुम्हाला ओळख देईल.”

माझा धाकटा भाऊ इथंच फसला. तो इमारतींचं वायरिंग करायचा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून माझं ऐकेल असं मला वाटायचं.

“ताई, टेस्टर मी स्वतः लावला. माझा टेस्टर!” कडं दाखवत तो म्हणाला होता.

“बाबा रे, मेन बंद कर आणि मग काय हवं ते घाल.”

“मेन बंद केलं की अख्खी इमारत बोंब मारते. आता ती कटकटच मिटली.” आणि तो हसला. तो हसला की मला रागावता यायचं नाही.

एका बाथरूममध्ये तो गिझरची वायर जोडत होता. फरशी ओली होती, डावा हात नळाच्या लोखंडी पाइपवर होता. उजव्या हातातलं कडं उघड्या तारेला टेकलं. त्याचा कामातला जोडीदार खालून धावत वर आला, मग परत खाली जाऊन मेन पाडलं, पण तोवर सगळं संपलं होतं. कड्याखाली त्याचं मनगट गोल भाजलं होतं. लहानपणी तेच मनगट धरून मी त्याला रस्ता ओलांडून द्यायचे.

महाराजांचा निरोप आला, “श्रद्धा कमी पडली.” दारात बसायला आलेली माणसंही तेच बोलून गेली. आणि आज जोडीदार स्वतःसाठी कडं घ्यायला निघाला होता. म्हणून मी त्याच्यामागोमाग आले.

मी उभी राहिले. “महाराज, खाली या. फरशीवर अनवाणी उभं राहून तार धरा.”

“बाई, दुःखानं तुमची बुद्धी फिरलीय.”

“माझ्या बुद्धीचं मी बघते. तुम्ही खाली या.”

लोक कुजबुजू लागले. जोडीदारही उठला. “या ना महाराज. एक पाऊल तर टाकायचंय.”

महाराजांनी घाम पुसला, पाय खाली टाकायला उचलला. पण त्याआधी हातातली तार हळूच चौरंगावर ठेवली.

“तार का सोडली?” जोडीदारानं विचारलं. त्यानं आधी प्लग काढला, महाराजांना खाली उतरवलं, मग चौरंग उलटा केला. प्रत्येक पायाखाली जाड रबर ठोकलेलं होतं.

“तुमचा टेस्टर खरंच बोलला,” मी वायरमन लोकांना म्हणाले. “यांच्या अंगावर वीज होतीच. पण टेस्टरमधून जाते तेवढी नावापुरती सोडली, तर ती जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून हे वाचले. जमिनीवर उभं राहून कुणी यांना नुसतं शिवलं असतं, तर वाट मिळाली असती आणि झटका दोघांनाही बसला असता. म्हणून ‘शिवू नका’! माझ्या भावाला मात्र वाट होती. कड्यातून हातात, हातातून छातीत, छातीतून पाइपमध्ये. अरे, ज्या तांब्याची आपण वायर करतो, तेच तांबं तुम्ही मनगटात घालताय!”

महाराज मागच्या दारानं कधी सटकले, कळलंही नाही. काहीजण माझ्यावरच ओरडत होते. काहीजण मुकाट्यानं मनगटातली कडी काढत होते.

“चौरंगाचाही भरवसा धरू नका, भिंतीला हात लागला की संपलं,” मी म्हणाले. “मेन बंद करा. तिथं माणूस उभा करा. तार मेलीय हे तपासा आणि मगच हात घाला. इमारत ओरडली तर ओरडू द्या. श्रद्धा कुणावरही ठेवा, पण विजेला ती कळत नाही.”

बाहेर पायरीवर जोडीदार माझ्याशेजारी बसला.

“ताई, त्या दिवशी मी वर जायच्या आधी मेन पाडून गेलो असतो तर?”

मला खोटं बोलता आलं नाही.

“तर तो घरी आला असता,” मी म्हणाले. मग आम्हा दोघांनाही रडू आवरेना.