पाण्यावरची पावलं

माघ सरत आला होता. रान आपल्या अंगावरची अखेरची पानं उतरवून ठेवत होतं. एक, मग एक, मग आणखी एक. उघड्या फांद्यांच्या जाळीतून प्रभा पाझरत होती, पातळ, पिंगट, ताकाच्या निवळीसारखी. साग नग्न, ऐन निःशब्द. आणि पळस तेवढा एकटा, कुणाला न विचारता पेटलेला.

त्या पानगळीच्या पहाटे गावाच्या शिवेवर अकरा जणं उभी होती. दहा धनुर्धारी पुरुष, आणि अकरावी जुरी. वय वर्षं चार. अंगाला आईच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला, हातात काही नाही.

"हे कोन गा नवीन शिकारी?" सोमा हसला. "धनुष्यच हिच्याहून उंच हाये. बाण म्हणून सोडायची का हिला?"

पुरुष हसले. जुरीही हसली, सगळे हसतात म्हणून.

लालसू हसला नाही. तो जुरीचा मामा. अजून लग्न न झालेला, लांब हातांचा, अबोल. काल तिन्हीसांजेला बहिणीनं सांगितलेलं त्याच्या कानात अजून तापत होतं.

गावाचा नेम जुना होता, शिकारीच्या रांगेपुढं चालणाऱ्या म्हाताऱ्या कोमटीआजाहूनही जुना. शिवेपासून सावजापर्यंत जो आपल्या पायांनी जाईल, त्याचा वाटा. म्हातारा असो, आंधळा असो, लेकरू असो. सगळ्यांचा सारखा, आणि ज्याचा वाटा त्याच्या घराचा. ज्याला उचलून न्यावं लागलं, त्याचा नाही.

जुरीचा बाप ताडावरून पडला होता. त्याचा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला. आई पाच दिवसांची बाळंतीण. घरात तिसरं माणूस म्हणजे जुरी.

"तू तुझ्यातला अर्धा देशील, मला ठाऊक हाये," बाळाला पाजता पाजता बहीण म्हणाली होती. "पण दिलेलं वेगळं अन् वाट्याला आलेलं वेगळं. दोन पारधी झाल्या, लालसू, आमच्या घराचं वाट्याचं पान मांडलं नाही गावानं. तिसऱ्यांदा नको. उचलू नको तिला. रडली तरी नको."

कोमटीआजानं चिमूटभर राख हवेत सोडली. राख मागं उडाली. म्हणजे वारा समोरून येत होता. माणसांचा वास हरणांपर्यंत पोचणार नव्हता. रांग निघाली.

*

वाळल्या पानांचं ते अपार, ताम्रवर्ण अंथरूण. त्यावर पुरुषांची पावलं तोलून, चोरून, चवड्यांवर पडत होती, तरी पान कुरकुरत होतंच. जुरीची पावलं मात्र पडतच नव्हती जणू. पानाखालच्या पानालाही त्यांची चाहूल नव्हती. रानानं तिला अजून माणसांत मोजलं नव्हतं.

एक टेकडी गेली. एक पठार गेलं. ऊन वर आलं, बांबूच्या बेटांतून तिरपं, सोनसळी, तुकड्यातुकड्यांनी सांडलेलं. जुरी आधी तुकड्यावरून तुकड्यावर उड्या मारत होती. मग तुकडे टाळून चालू लागली. मग नुसतीच चालू लागली.

काटा भरला तेव्हा ती खाली बसली, पाय मामापुढं केला. लालसूनं काटा काढला. रक्ताचा एक थेंब उगवला, गुंजेएवढा, गुंजेसारखाच लाल. तिनं तो बोटानं पुसला, बोट चाटलं, आणि दोन्ही हात वर केले.

त्या उचललेल्या हातांकडं लालसूनं पाहिलं नाही. त्यानं पळसाकडं पाहिलं. त्याच्या हातांना तिचं वजन पाठ होतं; जन्मल्या दिवसापासून पाठ होतं. आता ते हात त्यानं धनुष्याभोवती घट्ट आवळले.

"आणखी किती, मामा?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"तुझी आई भाकर थापते नं, तेवढं."

ती उठली. एक भाकर चालली. मग दुसरी. मग कुणी न मोजलेल्या कितीतरी.

*

आणि मग नदी.

संथ, शीतल, शेवाळश्यामल. पुरुषांच्या कमरेइतकी खोल, म्हणजे जुरीच्या डोक्यावरून वाहणारी. ही नदी लालसूच्या बहिणीला आठवली नव्हती. लालसूला ती पहाटेपासून, प्रत्येक पावलागणिक आठवत होती.

रांग पाण्यात उतरली. धनुष्यं माथ्यावर, माथी उन्हात. कोमटीआजा मागं न पाहता पलीकडं गेला. काठावर दोघंच उरली.

लालसू पाण्यात शिरला, वळला, आणि त्यानं तिला काखांत धरून आपल्यापुढं घेतलं. उरापाशी नाही, खांद्यावर नाही. हात लांब करून, असं, की तिचे घोटे तेवढे पाण्यात बुडावेत.

"चाल, जुरी."

"कशावर?"

"पाण्यावर. चाल."

तिनं एक पाय टाकला. पाणी बाजूला झालं. दुसरा टाकला. पाणी पुन्हा जवळ आलं. इवल्या पावलांखाली वलयं उमटत होती, वलयांना वलयं भिडत होती. आणि ती चालत होती, गंभीर, एकाग्र, ओठ आवळून, आपल्या वाटेवर. लालसूचे दंड भरून आले. त्यानं तिला जवळ घेतलं नाही. पलीकडं वाळू आली, आणि चालता चालताच तिची पावलं वाळूवर पडली.

*

चितळ दुपार कलताना पडलं. एक बाण, एक उसळी, आणि मग गवताच्या लाटा परत जागच्या जागी. रानानं क्षणभर श्वास धरला, सोडला; दूर एक मोर ओरडला, आणि सगळं होतं तसं झालं.

जुरीनं त्याच्या ऊबदार, ठिपकेदार कुशीवर हात ठेवला. डोळा उघडाच होता. त्यात पळस होता, इवलासा, उलटा.

"हे पन चालतच आलं नं, मामा? मग याचा वाटा?"

कोमटीआजानं रानाच्या नावाचं पान ऐनाच्या झाडाच्या मुळाशी मांडलं, जसं तो दर वेळी मांडायचा. पण आज त्यानं ते जरा सावकाश मांडलं.

मग माणसांच्या वाट्याची सागाची पानं मांडली गेली, ओळीनं. दहाव्या पानाशी सोमा खाकरला.

"आजा, नदीत हिला मामानं धरलं होतं. मी वळून पायलं. माझा राग नाही लेकरावर. पन नेम तो नेम. मागल्या साली माझ्या बापाला पाठुंगळी घेतला होता, तवा त्याचं पान मांडलं नाही."

हे खरं होतं.

कोमटीआजा जुरीपुढं उकिडवा बसला. तिचा पाय त्यानं तळहातावर घेतला. काट्याची जागा पाहिली, बोटांच्या बेचक्यांतली ओली वाळू अंगठ्यानं चोळून पाहिली.

"नदी कशी ओलांडली, पोरी?"

"चालत."

"पाय लागले का खाली?"

लालसूनं डोळे मिटले.

"नाही," जुरी म्हणाली. "खाली पानीच होतं. मी त्याच्यावरच चालली."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. सोमाही, मान हलवत, नको नको म्हणत.

म्हातारा हसला नाही. "नदी कोनाची हाये, सोमा?"

"गावाची."

"मग गावाच्या नदीवर चालली, म्हंजे गावातच चालली." त्यानं अकरावं पान उचललं, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली, आणि ओळीत मांडलं. मग, कुणाकडं न पाहता, स्वतःच्या पानातला एक तुकडा उचलून सोमाच्या पानावर ठेवला. "हा तुझ्या बापाचा. गेल्या सालचा."

*

परतीच्या वाटेला नेम नव्हता.

लालसूनं तिला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि ती तिथंच निजली. हाताच्या मुठीत पानांची पुरचुंडी, पळसाच्या वाखानं बांधलेली. झोपेतही मूठ सैल नाही. ऊन उतरलं. सावल्या लांबल्या. ताम्रवर्ण रान काळवंडत काळवंडत जांभळं झालं.

नदीत शिरताना ती त्याच्या खांद्यावरून किंचित घसरली. तिचे घोटे पाण्याला लागले. संथ, शीतल पाणी, त्यावर मावळतीचं उरलेलं केशर.

आणि झोपेतच, डोळे मिटलेलेच, मूठ आवळलेलीच, जुरीनं एक पाय टाकला. मग दुसरा. मग पहिला. वलयाला वलय भिडत गेलं, काठाकडं सरकत गेलं. आणि लालसू, कमरेइतक्या अंधारात, तिच्या पावलांच्या बेतानं सावकाश चालत राहिला.